अक्कांचं मशीन आणि आपला साधेपणा

आमच्या बचत गटाच्या वहीत पहिल्या पानावर नियम लिहिले आहेत. त्यातला आठवा नियम असा: ‘चैनीच्या वस्तूंसाठी गटातून कर्ज मिळणार नाही.’ अक्षर माझं आहे. अकरा वर्षांपूर्वी एम.एस.डब्ल्यू. करून मी या वस्तीत कामाला लागले आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांतच हा गट बांधला. नियम बायकांनी स्वतः करायचे असतात असं आम्हाला शिकवलं होतं. प्रत्यक्षात मी सुचवत गेले आणि बायका माना डोलावत गेल्या. चैन म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. मलाही विचारावंसं वाटलं नाही. मला ते माहीतच होतं!

गेल्या पावसाळ्यात अक्कांनी या नियमावर बोट ठेवलं. त्यांचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. गटात त्यांना सगळ्या अक्काच म्हणतात. अक्का विडी कामगार आहेत. लग्न होऊन आल्या तेव्हापासून मांडीवर सूप घेऊन विड्या वळतायत. घरात नवरा, दोन मुलगे, शाळेत जाणारी मुलगी आणि दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली सासू. अक्कांनी नऊ हजार रुपयांचं कर्ज मागितलं. कशाला, तर कपडे धुण्याचं मशीन घ्यायला. ते दोन टाक्यांचं, बादलीनं पाणी भरायचं ‘सेमी’.

गटात हशा पिकला. ‘अक्कांना राणी व्हायचंय,’ एक म्हणाली. ‘हात मोडलेत का?’ दुसरी म्हणाली. खजिनदार बाईंनी वही उघडून आठवा नियम वाचला. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘अक्का, नियम सगळ्यांना सारखा. आज मशीन दिलं तर उद्या कुणी एसी मागेल.’

त्याच बैठकीत, त्याच्या आधी दहा मिनिटं, आम्ही एका बाईला पंचवीस हजार मंजूर केले होते. मुलाच्या मोटारसायकलच्या डाउन पेमेंटसाठी. ‘उत्पादक कारण’ असा शेरा मीच लिहिला होता. गाडी असली की मुलाला काम मिळेल, असं आईचं म्हणणं होतं. मुलगा तेव्हा घरीच होता.

अक्का भांडल्या नाहीत. बैठक संपल्यावर चप्पल घालता घालता मला म्हणाल्या, ‘ताई, माझा हिशोब ऐकून घ्या. बसले तर दिवसाला हजार विड्या होतात माझ्या. धुण्याच्या दिवशी सातशे. आणि म्हातारी पडल्यापासून धुणं रोजच आहे. तिच्या अंगाखालच्या चादरी, दुपटी ठेवून चालतं का? म्हणजे रोजच्या तीनशे विड्या त्या मोरीत चालल्यात. तुमचं ते उत्पादक का काय, ते फक्त गाडीलाच असतं का?’

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी बैठकीला निघताना घरी मशीनचं बटण दाबूनच निघाले होते. नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षीच मी ते हप्त्यांवर घेतलं. ते घेताना मला चैनीचा नियम आठवला नव्हता, आणि कुणी मला वही उघडून दाखवलीही नव्हती.

म्हणून हा लेख. अक्कांची बाजू मांडायला त्यांना माझी गरज नाही, ती त्यांनी चप्पल घालता घालता मांडली. मला भांडायचंय ते आपल्याशी, म्हणजे कार्यकर्त्या म्हणवणाऱ्या बायकांशी. बाईचे कष्ट कमी करणारी वस्तू दिसली की आपल्या तोंडी इतक्या झटकन ‘चंगळवाद’ हा शब्द का येतो?

आधी ही ‘चैन’ ठरवतं कोण ते बघू. वस्तीतल्या कुठल्याही घरात वस्तू कोणत्या क्रमानं आल्या ते विचारा. आधी टीव्ही, मग मोबाइल, मग मोटारसायकल. फ्रीज त्यानंतर कधीतरी. धुण्याचं मशीन आलंच तर सगळ्यात शेवटी, आणि तेही बहुधा मुलाच्या लग्नात सुनेबरोबर. हे फक्त आमच्या वस्तीचं नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जवळजवळ निम्म्या घरांत मोटारसायकल किंवा स्कूटर होती. फ्रीज शंभरातल्या ३८ घरांत. धुण्याचं मशीन शंभरात वीस घरांतही नाही. मोटारसायकल मशीनच्या सात-आठ पट महाग असते. म्हणजे पैसे नाहीत म्हणून मशीन नाही, एवढंच कारण पुरत नाही. जे काम बाई फुकट करते त्यावर पैसे का घालवायचे, असा तो हिशोब आहे. चालत जाणं फुकट आहे म्हणून गाडी घेऊ नको, असं मात्र कुणी मुलाला सांगत नाही.

सरकारचाही हिशोब असाच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा धुण्याचं मशीन, मिक्सर, फ्रीज, इस्त्री, पाणी तापवायचा गीझर या सगळ्यांना २८ टक्क्यांच्या वरच्या कप्प्यात टाकलं होतं. सोन्यावर कर किती? ३ टक्के. बाईच्या अंगावर घालायच्या वस्तूवर ३, आणि बाईच्या अंगावरचं काम उतरवणाऱ्या वस्तूवर २८! सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के होते. त्यावर देशभर बायका बोलल्या आणि जुलै २०१८ मध्ये तो कर गेला. त्याच बैठकीत मशीन-मिक्सर २८ वरून १८ वर आले. नॅपकिनबद्दल आपण जितकं लिहिलं-बोललो त्याच्या दहावा हिस्साही मशीनवरच्या कराबद्दल बोललो नाही. भांडी घासायचं मशीन तर सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्क्यांतच होतं. त्यावर बोलायची आपल्याला लाजच वाटली असती. (मोटारसायकलवरही तेव्हा २८ होता, हे मला माहीत आहे. पण तिला चैन म्हणून कर्ज नाकारणारा गट मी पाहिलेला नाही.)

आता आपल्या साधेपणाकडे येते. आपण बहुतेक जणी ज्या चळवळींच्या मांडीवर वाढलो त्यांत साधेपणाला मोठा मान. गांधीवादी, समाजवादी, सेवा दलातल्या, डाव्या – भांडणं अनेक होती, पण सुताची साडी, खांद्याला शबनम आणि शिबिरात पिठलं-भाकरी यावर सगळ्यांचं एकमत. मला या वारशाचा अभिमान आहे. १९९१ नंतर बाजाराची दारं उघडली तेव्हा चंगळवादाविरुद्ध जे लिहिलं गेलं तेही चूक नव्हतं. बाजार बाईला ग्राहक करून सोडतो, हे आजही खरं आहे.

पण मैत्रिणींनो, साधेपणाला कष्ट लागतात आणि ते कुणाचे, हे आपण कधी मोजलं नाही. खादीची साडी साधी खरी. ती भिजली की किती जड होते, तिला खळ द्यायची, दमट असतानाच इस्त्री करायची, हे नेत्यांच्या घरच्या बायकांना विचारा. शिबिरातली भाकरी साधी, पण कुणीतरी पहाटे चारला उठून शंभर भाकऱ्या थापलेल्या असतात आणि ‘आता स्वयंपाकघरातल्या भगिनींचे आभार’ म्हणताना टाळ्या वाजतात. एका ज्येष्ठ कार्यकर्तीनं मला अभिमानानं सांगितलं होतं की त्यांच्या घरात चाळीस वर्षांत मशीन आलं नाही. त्यांच्या घरी धुणंभांड्याला बाई येते. तीही चाळीस वर्षांपासून, आधी आई आणि आता तिची लेक. म्हणजे मशीन घेतलं तर चैन, आणि दुसऱ्या बाईच्या पाठीवर धुणं टाकलं तर साधी राहणी!

हे कडू वाटेल. पण यातून मी स्वतःला वगळलेलं नाही. आठवा नियम माझ्या अक्षरात आहे.

जात्याचं उदाहरण बघा. जात्यावरच्या ओव्यांवर आपलं फार प्रेम. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी गावोगाव फिरून बायकांकडून ओव्या गोळा करून घेतल्या, त्यांचा आकडा लाखाच्या वर गेला. केवढं मोलाचं काम! ते झालं नसतं तर त्या बायकांचं बोलणं आपल्यापर्यंत पोचलंच नसतं. पण जातं गेल्याचा जो उसासा आपण शहरात बसून टाकतो, तो त्या बायकांनी टाकलेला मी तरी ऐकलेला नाही. गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांनी जातं भिंतीला टेकवून ठेवलं. पहाटेच्या अंधारात दीड-दोन तास दळायचं, मग पाणी भरायचं, मग रानात जायचं, त्यातले ते दीड-दोन तास गेले. गिरणीला कुणी चंगळ म्हणालं नाही. का? एक तर गिरणी पुरुष चालवत होता, आणि दळण न्यायला डोक्यावर डबा घेऊन बाईच जात होती.

पाटा-वरवंट्याचंही तेच. १९६० च्या दशकात मुंबईत माथूर दांपत्यानं ‘सुमीत’ मिक्सर आणला, कारण त्यांच्या घरच्या परदेशी यंत्राची मोटर आपलं वाटण वाटताना जळून गेली होती. आपल्या चटणी-वाटणाला पुरेल अशी मोटर हवी, हे तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. आज मिक्सरला कुणी चैन म्हणत नाही. ‘पाट्यावरच्या चटणीची चव नाही’ असं म्हणणारे आहेत. ते कधी पाट्यावर बसलेले नसतात.

पूर्वीच्या बायका हे ओळखत होत्या. मृणालताई गोरे यांनी गोरेगावात नळाच्या पाण्यासाठी लढा दिला आणि लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणू लागले. ती मागणी पाण्याची होती तशीच बाईच्या तासांचीही होती. दाराशी पाणी आलं म्हणजे रांगेतले तास वाचले. १९७२ साली महागाई प्रतिकार समितीच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्यात तेल-साखर-रॉकेल होतं. चुलीवर काय शिजणार, हा प्रश्न त्यांनी राज्यकर्त्यांच्या दारात नेला. चुलीपुढे कोण किती तास बसणार, हा प्रश्न पुढं न्यायचा तो आपण. आपण तो परिसंवादात नेला, आणि वस्तीत अक्कांनी नऊ हजार मागितले तेव्हा नियम दाखवला.

आता ज्या म्हणतील की मशीनमुळे बाई मुक्त होत नाही, त्यांच्याशी मी सहमत आहे. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्त्झ कोवान यांनी १९८३ मध्येच पुस्तक लिहून दाखवलं की घरात यंत्रं आली तशी आईची कामं कमी झाली नाहीत. घरातल्या कामाचा जो वाटा पुरुषांकडे, मुलांकडे, बाहेरच्या धोबिणीकडे होता तो यंत्रानं काढून घेतला, आणि उरलेलं सगळं एकट्या बाईकडे आलं. स्वच्छतेची मापंही वाढली. आठवड्यानं बदलायचे कपडे रोज बदलायचे झाले. आपल्याकडेही हेच दिसतं. आमच्या केंद्रावर येणाऱ्या एका सुनेला रोज ऐकावं लागायचं, ‘मशीन आहे, मिक्सर आहे, गॅस आहे, तुला दिवसभर काम तरी काय असतं?’ तिच्या घरी मशीन आल्यापासून दीर जीन्स रोज धुवायला टाकायला लागला. पूर्वी पंधरा दिवस घालायचा.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळेच्या पाहणीत दिसलं की घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जातो. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७ मिनिटं. आणि करणारे पुरुष किती? शंभरातले २६. बायका ८१. पुढची पाहणी २०२४ ची. तिच्यात बायकांची मिनिटं २८९ झाली. दहा मिनिटं कमी. पुरुषांची ८८. त्यांचीही कमी! पाच वर्षांत एवढ्या वस्तू घरात आल्या आणि बाईला रोज दहा मिनिटं मिळाली. एक चहा करून प्यायचा म्हटला तरी तेवढी लागतात.

पण याचा अर्थ मशीन नको, असा होत नाही. मशीनचा वेळ कुणाच्या खात्यात जमा होतो, यावर भांडायला हवं, असा होतो. जो मुलगा मोटारसायकल सुटी करून पुन्हा जोडतो त्याला दोन बटणांचं धुण्याचं मशीन कळत नाही, हे कुणी खरं मानायचं? २०१५ पासून एक धुण्याची पावडर विकणारी कंपनीसुद्धा जाहिरातीत ‘कपडे फक्त बाईनंच का धुवायचे’ असं विचारते आहे. पावडर खपावी म्हणून का होईना, ती विचारते. आपल्या शिबिरांत या प्रश्नावर एक सत्र झाल्याचं मला आठवत नाही. हिंसा, कायदा, आरक्षण, आरोग्य, सगळं होतं. मोरी राहते.

दुसरा मुद्दा मालकीचा, आणि तो पोटतिडकीनं सांगते आहे कारण आमच्या केंद्रावर दर महिन्याला त्याचं एक तरी प्रकरण असतं. मुलीला सासरी त्रास होऊ नये म्हणून आईबाप कर्ज काढून फ्रीज, मशीन, मिक्सर देतात. रुखवतात मांडतात, नाहीतर परस्पर दुकानातून सासरी पोचवतात. हे मागून घेतलं असेल तर तो १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे, ते सोडा. बिल कुणाच्या नावावर? कधी बापाच्या, बहुतेक वेळा जावयाच्या, कारण दुकानात गाडी घेऊन तोच गेलेला असतो. पुढं मुलगी मार खाऊन माहेरी येते. आम्ही वस्तूंची यादी करतो. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न येतो, ‘बिल आहे का?’ नसतं. मग ज्या मशीनचे हप्ते बाप अजून फेडतोय त्यात सासरचे लोक कपडे धुतात.

कायदा बाईच्या बाजूनं आहे. स्त्रीधन हे पूर्णपणे बाईचं, नवऱ्याकडे ते असलं तर केवळ विश्वासानं सांभाळायला दिलेलं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कलम १९ (८) खाली स्त्रीधन परत द्यायचा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. ते विकायला किंवा परस्पर हलवायला कलम १८ खाली मनाई करता येते. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तर नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेतही घर सांभाळणाऱ्या बायकोच्या श्रमांचा वाटा मान्य केला. पण न्यायालयाच्या पायरीपर्यंत जायला हातात कागद लागतो. तेव्हा वस्तू कुणीही घेऊन देवो, बिल बाईच्या नावावर, हप्ता तिच्या खात्यातून, आणि बिलाचा फोटो मोबाइलमध्ये शिवाय एक प्रत माहेरी किंवा गटाच्या पेटीत. आमच्या गटात हे आता सक्तीचं आहे. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पांढरं पडतं, झेरॉक्स लगेच काढा.

कर्जाचंही बोलायला हवं, नाहीतर मी दुकानदाराची वकिली करते आहे असं वाटेल. वस्तीतल्या बायका हप्त्यांत बुडताना मी बघते आहे. दुकानात ‘शून्य टक्के व्याज’ची पाटी असते. २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते फी किंवा किंमतीत दडवलेलं असतं. आठवड्याच्या हप्त्यावाल्या कंपन्यांचा वसुलीचा माणूस दारात बसला की बाई गळ्यातलं काढून देते. म्हणून तर गटानं कर्ज द्यायचं. महिना दोन टक्के आम्ही घेतो, ते स्वस्त नाही. पण ते व्याज गटातच राहतं, आणि हप्ता चुकला तर दारात माणूस येऊन बसत नाही, मीटिंगमध्ये चौकशी होते. आठव्या नियमानं आम्ही काय केलं? बाईची गरज थांबवली नाही, तिला फक्त त्या पाटीकडे ढकललं.

‘मशीन आलं की घरकामवाल्या बाईचं काम जातं’ हा आक्षेपही ऐकला आहे. ज्यांच्या घरी बाई येते त्यांच्याकडूनच. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप करून मजुरी, सुट्टी मागितली. २००८ मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्या बायकांनी ‘मशीन घेऊ नका’ अशी मागणी केल्याचं मी ऐकलेलं नाही. आमच्या वस्तीतल्या बायकांचं गाऱ्हाणं वेगळं आहे. मशीन आलं की ‘कपड्यांचे’ पैसे बंद होतात, पण कॉलर आधी घासून द्यायची, मशीनमधले कपडे झटकून वाळत घालायचे, संध्याकाळी घड्या करायच्या, हे फुकटात चालू राहतं. तेव्हा खरी काळजी असेल तर मशीन घ्या आणि तिचे पैसे कापू नका. तिची पाठही माणसाचीच आहे.

पाणी आणि विजेचा प्रश्न उरतो. तो अक्कांनी माझ्यापेक्षा चांगला सोडवला होता. सेमी मशीनला नळाचा दाब लागत नाही, बादल्या मोजून पाणी घालता येतं. आधी पांढरे आणि मुलीचा गणवेश, मग त्याच साबणाच्या पाण्यात रंगीत, मग पायपुसणी, आणि उरलेल्या पाण्यानं ओटा आणि संडास. सासूच्या चादरी आधी वेगळ्या खळबळून घ्यायच्या, त्या मशीन करत नाही. ते काम त्यांनी मुलांना सांगितलंय. धाकटा करतो. थोरला अजून नाक धरून पळतो.

हो, मशीन आलं. पण त्याआधी आठव्या नियमावर तीन बैठका गेल्या. मी पहिल्यांदा बायकांना विचारलं, की मागच्या वर्षी गटानं कशाकशाला कर्ज दिलं ते आठवा, आणि त्यातल्या कुठल्या कर्जानं तुमचा स्वतःचा तास वाचला ते सांगा. लग्न, मोटारसायकल, बारसं, मोबाइल, छताचे पत्रे, दवाखाना. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ‘हात मोडलेत का’ असं म्हणणारी बाईच म्हणाली, ‘माझा उजवा हात रात्री झोपू देत नाही. मी कुणाला सांगितलं नव्हतं.’ त्या एका वाक्यानंतर मनगटं, कंबर, बोटांच्या भेगा, पावसात न वाळणारे कपडे असं सगळं निघालं. एकीनं विरोधही केला, आणि तो मी इथं लिहिते. ती म्हणाली, ‘तुम्ही देताय कर्ज, पण नवरा म्हणेल मशीनला पैसे आहेत तर घरखर्चाला माझ्याकडे मागू नको.’ तिच्या घरी तसं झालंही आहे. २०२४ पासून लाडक्या बहिणीचे महिना दीड हजार खात्यात यायला लागले आणि तिच्या नवऱ्यानं दुधाचे पैसे देणं बंद केलं. तिच्या म्हणण्याला आमच्याकडे अजून उत्तर नाही.

नियम खोडला नाही, बदलला. आता तो असा आहे: ‘कर्ज मागणाऱ्या बाईनं सांगावं की वस्तू कोण वापरणार, कुणाचा वेळ वाचणार आणि बिल कुणाच्या नावावर असणार.’ हाच नियम मोटारसायकलीलाही लावायचा ठरलं, तेव्हा जरा वादावादी झाली. पण लावला. यावेळी अक्षर खजिनदार बाईंचं आहे.

अक्कांचे पाच हप्ते वेळेवर आले. मोटारसायकलचेही येतात, हेही सांगायला हवं. त्या मुलाला गोदामात काम लागलं. अक्कांच्या रोजच्या विड्या नऊशेच्या पुढं गेल्या आहेत, हजार अजून होत नाहीत. मी विचारलं, वाचलेला सगळा वेळ विड्यांतच का घालता? त्या म्हणाल्या, ‘सगळा कुठं? दुपारी अर्धा तास पडते मी आता. पंखा लावून.’ आणि मग, जरा दबक्या आवाजात, ‘ते गटात नका सांगू.’

त्यांना विचारूनच लिहिते आहे. आधी नको म्हणाल्या, मग म्हणाल्या, लिहा.

तुमच्या गटाच्या वहीत चैनीबद्दल काय लिहिलंय, आणि ते कुणाच्या अक्षरात आहे, ते अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. आमच्याकडे पुढच्या बैठकीला दोन अर्ज आहेत. एक गॅसच्या शेगडीचा, आणि एक, घरघंटीचा.